युद्धकालीन प्रेमकादंबऱ्यांवरचा आक्षेप आणि त्याचे चार मुद्दे

युद्धाच्या काळात घडणारी ऐतिहासिक प्रेमकादंबरी म्हणजे इतिहासाची थट्टा होय, असे विधान हल्ली मोठ्या हिरिरीने पसरवले जाते, आणि त्यासाठी चार मुद्दे मांडले जातात. माणसे मरत असताना प्रेम करायला कुणाला सवड नव्हती, म्हणून या कथा मुळातच बनावट आहेत. त्यांत युद्ध नुसते मागे टांगलेल्या रंगीत पडद्यासारखे असते. त्यांच्या गोड शेवटामुळे संहाराची धार बोथट होते. आणि ज्याला युद्ध समजून घ्यायचे आहे त्याने इतिहासग्रंथच वाचावेत, असे ते मुद्दे आहेत.

पहिला मुद्दा नोंदींपुढे टिकत नाही. मॅग्डलीन हॉल हिचा विवाह ४ एप्रिल १८१५ रोजी ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनच्या सैन्यातील वरिष्ठ अधिकारी सर विल्यम डी लान्सी याच्याशी झाला. १८ जूनला नेपोलियनविरुद्धच्या लढाईत वॉटर्लूच्या रणांगणावर तोफगोळ्याच्या तडाख्याने तो जबर जखमी झाला, जवळच्याच एका झोपडीत तिने त्याची शुश्रूषा केली आणि २६ जूनला तो मरण पावला. हे अपवादात्मक उदाहरण म्हणून बाजूला ठेवायचे असेल, तर आकडे पाहावेत. १९४० साली, म्हणजे दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, इंग्लंड आणि वेल्समध्ये ४ लाख ७० हजारांहून अधिक विवाह नोंदले गेले. युद्धापूर्वीच्या १९३८ साली ही संख्या सुमारे ३ लाख ६० हजार होती. यामागे केवळ भावनेचा उमाळा नव्हता. रजा थोड्या दिवसांची असे, पुढची मिळेल याची खात्री नसे, आणि सैनिकाच्या पत्नीला भत्ता व विधवेला निवृत्तिवेतन मिळत असे, तर वाग्दत्त वधूला काहीच मिळत नसे. सवड नव्हती हे खरेच आहे. पण सवड नसल्यामुळेच निर्णय घाईने घेतले गेले, आणि कादंबरीला लागणारा ताण नेमका त्या घाईत असतो.

दुसरा मुद्दा काही कादंबऱ्यांना लागू पडतो, हे मान्य करायला हवे. कथा उचलून शांततेच्या काळात नेऊन ठेवली आणि तिचे काहीही बिघडले नाही, तर तिथले युद्ध नेपथ्यापुरतेच होते. मात्र या प्रकारातील चांगल्या लेखनात प्रेमिकांच्या वाटेतले अडथळे युद्धयंत्रणेनेच निर्माण केलेले असतात. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकाला एक छापील पोस्टकार्ड मिळत असे. त्यावरची लागू नसलेली वाक्ये खोडायची, खाली सही करायची, आणि एखादा शब्द जास्त लिहिला तर कार्ड नष्ट केले जाई. मृत्यूची वार्तासुद्धा हुद्द्याप्रमाणे येत असे: अधिकाऱ्याच्या घरी तार, साध्या शिपायाच्या घरी टपालाने छापील नमुना. विवाह झालेला नसेल, तर प्रेयसीला ती वार्ता त्याच्या घरच्यांनी कळवली तरच कळायची. १९१५ च्या नाताळात परिचारिका व्हेरा ब्रिटन आपला वाग्दत्त वर रोलंड लेटन रजेवर येईल म्हणून वाट पाहत होती. तो २३ डिसेंबरलाच जखमांमुळे गेल्याचे तिला त्याच्या कुटुंबाकडून दूरध्वनीवरून समजले.

दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन सैनिकांच्या विवाहांचे उदाहरण तर याहून बोलके आहे. विवाहासाठी वरिष्ठांची परवानगी आवश्यक होती, आणि कृष्णवर्णीय सैनिकाने गोऱ्या ब्रिटिश स्त्रीशी लग्न करायची परवानगी मागितली तर ती बहुधा नाकारली जाई. अमेरिकेच्या अनेक राज्यांत असे विवाह कायद्यानेच निषिद्ध होते. अशा संबंधांतून जन्मलेली मुले वडिलांविना वाढली. लष्कर, वंशभेद आणि कायदा यांची अशी गाठ एका प्रेमप्रकरणाइतकी स्पष्टपणे आणखी कुठे दिसेल, हे मला तरी सांगता येणार नाही.

गोड शेवटाचा तिसरा मुद्दा सर्वांत गंभीर आहे आणि त्याला उत्तर देताना थोडी माघार घ्यावी लागते. नेपोलियनविरुद्धच्या युद्धात एप्रिल १८१२ मध्ये ब्रिटिश फौजेने स्पेनमधील बादाहोस हे शहर जिंकले आणि पुढचे काही दिवस शहरात लूट व स्त्रियांवर अत्याचार चालले. त्यातून निसटून ब्रिटिश छावणीत आश्रयाला आलेल्या दोन बहिणींपैकी धाकटी हुआना हिचा विवाह काही दिवसांतच हॅरी स्मिथ या अधिकाऱ्याशी झाला. तेव्हा ती चौदा वर्षांची होती. दोघांचा संसार आयुष्यभर टिकला आणि दक्षिण आफ्रिकेतील लेडीस्मिथ शहराला तिचेच नाव मिळाले. आता एखाद्या लेखकाने छावणीतले लग्न रंगवून सांगितले आणि शहराची लूट व वधूचे वय दोन ओळींत उरकले, तर त्याच्यावरचा राग रास्त आहे. मात्र तो दोष वगळलेल्या गोष्टींचा आहे. पुढचा संसार सुखाचा झाला हे सांगितल्याने तो घडत नाही, कारण तेही सत्यच आहे.

शिवाय लग्न झाले म्हणजे शेवट गोड झाला, असे युद्धकाळात तर मुळीच धरता येत नाही. १९४७ साली इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे ६० हजार घटस्फोट झाले, आणि घाईची लग्ने व वर्षानुवर्षांची ताटातूट ही त्याची मोठी कारणे होती. पानिपतावर पतीबरोबर गेलेल्या पार्वतीबाई परत आल्या, पण भाऊसाहेबांच्या मृत्यूवर विश्वास न ठेवता त्यांनी वैधव्य स्वीकारले नाही; पुढे भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला तो याच अनिश्चिततेच्या आधारावर. प्रिय माणूस मेला की हरवला हेच न कळणे, ही युद्धाने दिलेली वेगळी शिक्षा आहे, आणि तिचे वर्णन करायला प्रेमकथेखेरीज दुसरा लेखनप्रकार मला सहज सुचत नाही.

इतिहासग्रंथ वाचावेत, याबद्दल वाद नाही. फक्त मॅग्डलीनने पतीच्या त्या शेवटच्या दिवसांची लिहून ठेवलेली हकीकत दीर्घकाळ हस्तलिखितातच राहिली आणि ती सर्वांसाठी पुस्तकरूपाने छापली जायला १९०६ साल उजाडले. तोवर वॉटर्लूवर ग्रंथांचा ढीग झाला होता; म्हणजे ग्रंथ पुष्कळ असले तरी युद्धाची ही बाजू वाचकापर्यंत पोचतेच असे नाही. त्यामुळे ज्यांना या कादंबऱ्यांवर आक्षेप घ्यायचा आहे त्यांनी तो एकेका कादंबरीवर घ्यावा आणि तिने कोणती नोंद दडवली वा मोडली ते दाखवावे.