एफआरपी जिनिव्हात रद्द झालेली नाही

ऊसपट्ट्यातल्या ग्रुपांवर एक दावा फिरतोय: 'जागतिक व्यापार संघटनेनं एफआरपी (कारखान्यांनी उसाला द्यायचा, केंद्र सरकारनं ठरवलेला किमान दर) बेकायदा ठरवली, भारत केस हरला, अपील ही निव्वळ पळवाट, आता ऊसदर बाजारावर सुटणार.' यातलं खरं एवढंच, की संघटनेच्या जिनिव्हातल्या पॅनेलचा, म्हणजे तंटा ऐकणाऱ्या तज्ज्ञांच्या समितीचा, अहवाल भारताच्या विरोधात गेला.

आधी 'बेकायदा'. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमालाच्या तक्रारींवर हा अहवाल 14 डिसेंबर 2021 रोजी आला. दर ठरवायलाच बंदी आहे, असं त्यात नाही. 2014-15 ते 2018-19 या पाच हंगामांत उसाला दिलेला आधार उत्पादनाच्या एकूण मूल्याच्या 10 टक्के या ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला, हा ठपका आहे. भारताचं म्हणणं होतं की एफआरपी कारखाने देतात, सरकार नाही, मग तो सरकारी आधार कसा? थकबाकीसाठी कारखान्याच्या दारात बसलेल्याला हे चटकन पटेल. पॅनेलला पटलं नाही. निर्यात अनुदानांवर मात्र पॅनेल कडक होतं. ती 120 दिवसांत मागे घ्या, असं त्यानं सांगितलं.

'केस हरला' हेही घाईचं. सदस्य देशांच्या तंटा निवारण मंडळानं स्वीकारल्याशिवाय अहवाल बंधनकारक होत नाही आणि अपील पूर्ण होईपर्यंत तो स्वीकारता येत नाही. भारतानं महिन्याभरात अपील केलं. अपिलात आकडेमोड किंवा पुरावे पुन्हा उकरत नाहीत, फक्त कायद्याचा अर्थ तपासतात. 'पैसे कारखाने देतात, मग आधार कुणाचा?' हा नेमका तसाच प्रश्न. पण ऐकणार कोण? अपील मंडळात सात सदस्य असतात, एका अपिलाला तिघे लागतात. अमेरिकेनं नेमणुका अडवून धरल्या. 10 डिसेंबर 2019 रोजी भारताचे उजल सिंग भाटिया आणि अमेरिकेचे थॉमस ग्रॅहम यांची मुदत संपली आणि एकच सदस्य उरला. नोव्हेंबर 2020 अखेर तोही गेला.

'पळवाट' हा आरोप अर्धा खरा आहे. ब्राझील, ऑस्ट्रेलियासह काही देशांनी 2020 मध्ये पर्यायी अपील व्यवस्था उभी केली. भारत तिच्यात नाही. पण रिकाम्या मंडळाकडे अपील टाकण्याची वाट आधी अमेरिकेनंच पाडली, तीही पोलादाच्या वादात भारताविरुद्धच.

राहता राहिला दर. अहवाल आला त्या 2021-22 च्या हंगामात एफआरपी क्विंटलला 290 रुपये होती. 2025-26 साठी 10.25 टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) ती 355 रुपये आहे.