तिसरा आला, त्यात काय?

आज रविवार, १७ ऑगस्ट २०२५, आणि रेस नाही. ऑगस्टची सुट्टी चालू आहे. सकाळी पोहे टाकले होते, तेवढ्यात पुण्याहून चिरंजिवांचा मेसेज आला. फॉर्म्युला वनचं सहामाही प्रगतिपुस्तक! दहा ड्रायव्हर, प्रत्येकासमोर दहापैकी मार्क. (२४ पैकी १४ रेस झाल्यात, म्हणजे सहामाही कधीच उलटली, पण ते असो.) पियास्त्री साडेनऊ. नॉरिस नऊ. वर्स्टॅपन नऊ. मग रसेल, लेक्लेर, ॲल्बन, ती नवीन पोरं. मी खाली खाली जातेय, जातेय, यादी संपली. आमचा लाडका हुल्केनबर्ग नाहीच.

मी लिहिलं, अरे, हुल्केनबर्ग राहिला. उत्तर आलं, "आई, एका रेसमध्ये तिसरा आला, त्यात काय? पाऊस होता." आणि पुढे तो डोळा मारणारा पिवळा गोळा.

पोहे खाली लागले ते लागलेच. तेव्हापासून डोकं तापलंय.

तिसरा आला, त्यात काय म्हणे! अरे, त्या दिवशी तू कुठे होतास? मी सांगते. ६ जुलै, आषाढी एकादशी. मी साबुदाण्याची खिचडी घेऊन साडेसातला फोन समोर उभा केला, आणि इंग्लंडातल्या सिल्व्हरस्टोन ट्रॅकवर पाऊस. आपला हुल्केनबर्ग १९ व्या नंबरवरून निघणार. वीस गाड्यांत एकोणिसावा! गाडी साउबरची, म्हणजे ज्या टीमने मागच्या अख्ख्या वर्षात मिळून ४ गुण कमावले ती. तिथून तो एकेक करत वर यायला लागला. टायर बदलायला आत कधी जायचं, पावसात हाच खरा खेळ. एक लॅप लवकर गेलात तर घसरगुंडी, एक लॅप उशीर केलात तर दहा गाड्या पुढे निघून जातात. त्या दिवशी भल्याभल्यांचं गणित चुकलं, पहिल्या नंबरवरून निघालेला वर्स्टॅपन गर्रकन फिरला, आणि हा पठ्ठ्या गाडी नीट सांभाळून चालवत राहिला. शेवटी मागे कोण, तर हॅमिल्टन. फेरारीत बसलेला, सात वेळा जगज्जेता, स्वतःच्या घरच्या ट्रॅकवर. मला वाटलं, संपलं आता. पण नाही गाठू शकला. तिसरा! कारकिर्दीतल्या २३९ व्या रेसला पहिल्यांदा त्या तीन पायऱ्यांवर उभा राहिला. खिचडी गार झाली होती, मी रडत होते, आणि शेजारच्या काकू दारातून विचारत होत्या, "काय गं, सगळं ठीक ना?"

आता मला माझ्या बाबांबद्दल सांगू द्या. ज्यांनी आधी ऐकलंय त्यांनी पुन्हा ऐका.

बाबा मिलमध्ये इलेक्ट्रिशियन होते. कुठल्या मिलमध्ये ते सांगत नाही, मिल केव्हाच बंद पडली. इंदूरच्या लोकांना अनंत चतुर्दशीच्या झांक्या सांगायला नकोत. बाहेरच्यांसाठी सांगते: रात्रभर मिलमजुरांच्या झांक्या निघतात, लाखो दिव्यांच्या, हलत्या देखाव्यांच्या, सोबत आखाडे, आणि परीक्षक बसून नंबर काढतात. मी तेव्हा चौथीत होते. त्या वर्षी बाबांच्या झांकीत कालियामर्दन होतं. पाच फण्यांचा काळा नाग, फणे खालीवर व्हायचे आणि वर कृष्ण गोल फिरायचा. सगळं एका मोटरीवर आणि जुन्या सायकलच्या चेनवर. जेल रोडच्या आसपास मोटर जळाली. परीक्षक अजून पुढे होते. बाबा ट्रॉलीच्या खाली शिरले, पाठीवर झोपले आणि हाताने चेन ओढायला लागले. राजवाड्यावर मी आईच्या कडेला उभी होते. कृष्ण फिरत होता, फणे डोलत होते, लोक टाळ्या वाजवत होते. बाबा कुठे आहेत ते आम्हाला ठाऊकच नव्हतं.

तिसरं बक्षीस मिळालं. कुणीतरी म्हणालं असेलच, तिसरंच ना.

बरं, एकेक मुद्दा घेते, नाहीतर चिरंजीव म्हणतील आई नुसती भावनेच्या भरात बोलते. पियास्त्री सहा रेस जिंकलाय, नॉरिस पाच. पियास्त्रीचे २८४ गुण, नॉरिसचे २७५. मान्य. छान चालवतायत दोघंही. पण गाडी कुठली आहे ते बघा की! यंदाच्या मॅक्लारेनमध्ये बसून पहिला-दुसरा येणं म्हणजे आमच्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊगल्लीत, उभं राहून पोट भरणं. वर्स्टॅपनला मात्र मी नऊ काय, साडेनऊ दिले असते, कारण तीच गाडी दुसऱ्याला दिली की तो तळाला जातो. त्याचा रेड बुलमधला जोडीदार लॉसन, त्याला तर दोन रेसनंतर उठवलंच तिथून. तेव्हा हिशेब करायचा तर गाडी बघून करा.

आणि हो, पाऊस होता. पाऊस नसता तर हुल्केनबर्ग तिसरा आला नसता. झालं समाधान? पण पाऊस काय एकट्या त्याच्या गाडीवर पडत होता?

शिवाय एकच रेस कशी रे? मेलबर्नला सातवा. बार्सिलोनाला पाचवा, तिथेही हॅमिल्टनला मागे टाकून. आत्तापर्यंत ३७ गुण. ४ गुणांच्या गाडीत बसून ३७! साउबरची याआधीची तिसरी जागा २०१२ मधली, जपानला कोबायाशीची. तेव्हा तू सहावीत होतास आणि मी तुला तेरापर्यंतचे पाढे घोकायला लावत होते.

मला राग यादीचा नाही, "त्यात काय"चा आहे. आपल्या शहराला स्वच्छतेत ओळीने पहिला नंबर मिळायला लागल्यापासून इथे तर दुसरा-तिसरा म्हणजे नापासच. मी बँकेत तीस वर्षं काढली, दर सहा महिन्यांनी असलंच प्रगतिपुस्तक हातात पडायचं. ठेवी किती आणल्या, विमा किती विकला. काउंटरवर पेन्शनवाल्या आजींचा अंगठा मशीनवर उमटेपर्यंत चार चारदा कुणी पुसून दिला, त्याचा रकाना नव्हता. जाऊ दे. तो विषय काढला तर रात्र होईल.

त्या यादीच्या खाली चिरंजिवांनी 'नापास' म्हणून वेगळा भाग केलाय. त्यात हॅमिल्टन, चार मार्क. चार! बाळा, तो माणूस हंगेरीत पात्रता फेरीत बारावा आल्यावर स्वतःच म्हणाला की मी निरुपयोगी आहे, टीमने ड्रायव्हर बदलावा. स्वतःला एवढं लावून घेणाऱ्याला आपण कसले मार्क देणार? मला तो कधी फारसा आवडला नाही, तरी त्या दिवशी जेवण गेलं नाही.

हाजारला आठ दिलेस ते मात्र बरं केलंस. मेलबर्नला रेस सुरू व्हायच्या आधीच, गाड्या नुसत्या रांगेत लागायला निघाल्या असताना, त्याने ओल्या रस्त्यावर गाडी ठोकली. पहिलीच रेस, वीस वर्षांचं पोर. रडत रडत परत चाललं होतं, आणि हॅमिल्टनचे वडील पुढे झाले, त्याला जवळ घेतलं. कुणाचा कोण! या वर्षातलं मला सगळ्यात आवडलेलं दृश्य तेच, आणि त्याला एकही गुण नाही.

बाबांचं सांगत होते. सकाळी सहाला घरी आले. शर्ट ग्रीसने काळा, पाठ सोललेली. आईने पोहे दिले तर डाव्या हाताने खायला लागले. आई म्हणाली, "हे काय, उजवा हात कुठे गेला?" तर त्यांनी उजवा तळवा उघडून दाखवला, म्हणजे दाखवायचा प्रयत्न केला, तो धड उघडेना. चेनच्या कड्यांचे वळ, एकाला लागून एक, फोड फुटलेले. आणि चेहऱ्यावर काय आनंद! "फणे थांबले नाहीत ना?" एवढंच विचारलं. दोनदा विचारलं. काल गोकुळाष्टमीला कृष्णाची मूर्ती पुसताना तेच सगळं डोळ्यांसमोर येत होतं, म्हणून आज जरा जास्तच लागलं असेल.

बक्षिसाच्या पत्रकावर बाबांचं नाव नव्हतं. अध्यक्षांचं होतं, मूर्तिकाराचं होतं. कामगारांना एकेक स्टीलचा पेला मिळाला, त्यावर टिंबाटिंबांनी वर्ष कोरलेलं. सिल्व्हरस्टोनला या वेळी ट्रॉफ्या कशाच्या होत्या माहीत आहे ना? लेगोच्या. पोरांच्या खेळण्यातल्या ठोकळ्यांच्या! पंधरा वर्षं थांबला बिचारा, आणि मिळालं ते खेळणं. तरी काय जपून धरलं होतं त्याने.

खरं सांगू का, राग आणखी एका गोष्टीचा आहे. हुल्केनबर्ग आमच्या घरात आणला कुणी? याच मुलाने. २०११ ला नोएडाजवळ बुद्ध सर्किटवर पहिली रेस झाली, हा दहा वर्षांचा, आणि मला शेजारी बसवून झेंड्यांचे रंग शिकवायचा. २०१२ ला हुल्केनबर्ग फोर्स इंडिया या भारतीय टीमकडून रेस करायला लागला, म्हणून तो "आपला". त्या वर्षी ब्राझीलला, रात्री उशिरा, तो चक्क पुढे होता, सगळ्यांच्या पुढे! मग हॅमिल्टनला धडकला आणि पाचवा आला. हेच आत्ताचे साडेनऊ मार्कवाले परीक्षक तेव्हा उशीत तोंड खुपसून रडत होते आणि मी पाठीवरून हात फिरवत होते. २०१९ ला हॉकनहाइमच्या पावसात तो पुन्हा पहिल्या तिघांत येईलसं वाटत असताना घसरून भिंतीवर गेला, तेव्हा दोघंही गप्प बसलो होतो. मधे तर त्याला सीटच नव्हती, कुणी आजारी पडलं की बदली म्हणून बोलवायचे. आणि आता तो तिसरा आला, तर तू म्हणतोस त्यात काय?

एवढं लिहीपर्यंत फोन आला होता. म्हणाला, "आई, पोस्ट टाकतेयस ना? मला माहितीये, तू टाकणार." मग म्हणाला की त्या दिवशी त्यानेही रेस बघितली होती, मित्राच्या रूमवर, आणि शेवटचे पाच लॅप उभा राहून. मग यादीत का नाही? तर "अगं, मुद्दाम. तू चिडतेस की नाही बघत होतो." गधडा. हुल्केनबर्गला आठ मार्क देऊन सहाव्या नंबरवर घातलंय आता. मी अजून नऊवर अडून आहे, बोलणी चालू आहेत. मग जरा थांबून म्हणाला, "आजोबांचा पेला आहे ना गं अजून?" आहे. तुळशीला पाणी त्यानेच घालते.

परवा १९ ला हुल्केनबर्ग ३८ चा होईल. शिरा करणार आहे, हसायचं त्यांनी हसा.

आणि एक महत्त्वाचं. ३१ तारखेला गौरी येतायत आणि त्याच संध्याकाळी साडेसहाला झांडवोर्टची रेस आहे. आमच्याकडे दर्शनाला यायचं असेल तर साडेसहाच्या आत या, नाहीतर साडेआठनंतर. मधे आलात तर दार उघडं असेल, प्रसाद ओट्यावर झाकून ठेवलेला असेल, आपल्या हाताने घ्या.