रोज ७०० पेशी जन्मतात, पण त्या लकव्याची जागा भरायला जात नाहीत

माझ्या आत्याला दीड वर्षापूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात अजून पुरता उठत नाही. गेल्या आठवड्यात वहिनींनी मला एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं, "भाऊजी, एफडी मोडू का?"

तो मजकूर तुमच्याही ग्रुपवर आला असेल. त्याचं म्हणणं असं: मोठ्या माणसाच्या मेंदूत रोज ७०० नवे न्यूरॉन, म्हणजे चेतापेशी, तयार होतात, त्यांना जखमेपर्यंत नेणारा रस्ता शास्त्रज्ञांना सापडला आहे, आणि म्हणून स्टेम सेलच्या (ज्यांपासून वेगवेगळ्या पेशी घडू शकतात अशा मूळ पेशींच्या) इंजेक्शनने लकव्याने मेलेला भाग पुन्हा जिवंत होतो. यात खऱ्यात खोटं इतकं बेमालूम कालवलंय की शिकलेली माणसंही फसतात.

७०० चा आकडा हवेतला नाही. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या योनास फ्रिसेन यांच्या गटाने तो २०१३ साली काढला. १९५०-६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेत कार्बन-१४ हा कार्बनचा किरणोत्सारी प्रकार वाढला, अन्नावाटे माणसांत आला आणि त्या काळात जन्मलेल्या पेशींच्या डीएनएत बसला. त्यावरून पेशींचं वय काढलं. पण हे ७०० न्यूरॉन जन्मतात मेंदूच्या प्रत्येक बाजूच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे आठवणींशी संबंधित भागात, आणि तिथेच राहतात. हात हलवणाऱ्या भागाकडे त्यातला एकही निघत नाही. शिवाय २०१८ मध्ये महिन्याभराच्या अंतराने दोन शोधनिबंध आले. एकात मोठ्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नवे न्यूरॉन दिसलेच नाहीत, दुसऱ्यात म्हातारपणापर्यंत दिसले. तो वाद अजून मिटलेला नाही.

बरं, ७०० धरून चालू. दोन्ही बाजूंचे मिळून दिवसाला १४००. मोठी रक्तवाहिनी तुंबून आलेल्या झटक्यात उपचार मिळेपर्यंत मिनिटाला सुमारे १९ लाख न्यूरॉन मरतात. एका मिनिटाचं नुकसान भरायलाच साडेतीन वर्षांहून जास्त लागतील, तेही सगळे जगले आणि नेमके तिथे पोचले तर.

आता रस्त्याची गोष्ट. मला सगळ्यात जास्त राग याच मुद्द्याचा येतो, कारण मूळ काम फार सुंदर आहे. उंदराच्या मेंदूत पोकळीच्या कडेला कोवळ्या पेशी जन्मतात आणि वास ओळखणाऱ्या भागाकडे रांगेने निघतात. प्रत्येक पेशी पुढे एक बारीक टोक काढते, मग आतलं केंद्रक मागून ओढून घेते. आजूबाजूला अ‍ॅस्ट्रोसाइट नावाच्या आधारपेशींची नळीच असते, तिच्यातून ही वारी पुढे सरकते. तान्ह्या बाळातही असा प्रवाह दिसतो, पण साधारण दीड वर्षाच्या वयानंतर तो जवळजवळ आटतो.

झटका आला की उंदरात यातल्या काही पेशी वाट सोडून जखमेकडे वळतात. स्वीडनमधल्याच लुंड विद्यापीठात २००२ साली हे मोजलं. वळलेल्यांपैकी ८० टक्क्यांहून जास्त पेशी काही आठवड्यांत मेल्या. मेलेल्या न्यूरॉनपैकी फक्त ०.२ टक्के भरून निघाले, म्हणजे हजारात दोन. मग तयार रस्ताच बसवून दिला तर? अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या केसी कलन यांच्या गटाने तसं केलं. जेलच्या बारीक नळीत कोलॅजन या प्रथिनाचा थर देऊन अ‍ॅस्ट्रोसाइट वाढवले की ते आपापसात खेचून घेत केसाएवढी दोरी वळतात. त्यासाठीच्या पेशी माणसाच्या हिरडीतूनही बनवता आल्या. ही दोरी उंदराच्या मेंदूत ठेवल्यावर कोवळ्या पेशी तिच्यावरून चालल्या.

हे झालं उंदरात, आणि अंतर काही मिलिमीटरचं. माणसात तेच अंतर सेंटिमीटरांत जातं. पोचल्यावर पेशीने जगायचं, योग्य न्यूरॉन व्हायचं, बरोबर जोडण्या करायच्या. हे काम अजून प्रयोगशाळेत आहे, ते कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही.

इंजेक्शनचा तर त्या रस्त्याशी काडीचाही संबंध नाही. कंबरेतून पेशी टोचल्या म्हणून मेंदूत रस्ता तयार होत नाही. भारतात आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट लिहिलंय की रक्ताचे ठरावीक आजार वगळता मान्यताप्राप्त क्लिनिकल ट्रायलबाहेर स्टेम सेल देणं हा गैरव्यवहार आहे. वहिनी ज्या केंद्रात चौकशी करून आल्या, तिथे सीटीआरआयचा, म्हणजे अशा ट्रायलची नोंद ठेवणाऱ्या सरकारी यादीतला, नोंदणी क्रमांक विचारला तर कोणाला सांगता आला नाही. पैशांचा तक्ता मात्र छापील होता. लकवा झालेल्या घराची अगतिकता अशी विकली जाते, याची मला चीड आहे.

"मग मेंदू सुधारतच नाही का?" वहिनींनी विचारलं. सुधारतो. पण ते काम मुख्यतः वाचलेले जुने न्यूरॉन करतात. शेजारचे भाग मेलेल्यांचं काम उचलतात, नव्या जोडण्या होतात, आणि त्या होतात त्याच हाताला पुन्हा पुन्हा काम दिल्यावर. आत्याची फिजिओथेरपी सहाव्या महिन्यात बंद झाली होती, "आता काय फरक पडणार" म्हणून. एफडी मोडली नाही. त्याऐवजी मागच्या सोमवारपासून थेरपिस्ट ताई पुन्हा येतात. ताटलीत मटाराच्या शेंगा असतात, डावा हात मांडीखाली, आणि उजव्याने सोलायच्या. काल अर्ध्या तासात आत्याने सात सोलल्या.