कमान की मानधन?

आमच्या चाळीसगावच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर महिनाभर एकच वाद चाललाय. वर्गणी जमली आहे, तिचं करायचं काय? काहींना प्रवेशद्वाराशी दगडी कमान हवी आहे, बॅचचं नाव कोरलेली. माझ्यासह काहींचं म्हणणं, मानधनावर चित्रकलेचे सर नेमावेत. ती जागा कित्येक वर्षं रिकामी आहे आणि चित्रकलेच्या तासाला गणित घेतात. त्यावर एका जिवलग मित्राने अहिराणीत लिहिलं, "भाऊ, चित्र काढीसन पोट भरस का? तू फ्रान्सले ऱ्हास, तठे कलाकारस्नी कदर शे. आपली मातीच येगळी शे."

पोटाचा प्रश्न खरा आहे, त्यावर मी वाद घालणार नाही. पण मातीचं म्हणणं मला पटत नाही.

कादाराशच्या अणुऊर्जा प्रकल्पातल्या नोकरीमुळे मी एक्स-आँ-प्रोव्हान्समध्ये राहतो. हे चित्रकार पॉल सेझानचं गाव. 1839 साली तो इथेच जन्मला. वडील आधी टोप्यांचे व्यापारी, मग बँकवाले. पोराने वकील व्हावं ही त्यांची इच्छा, म्हणून तो कायदा शिकायला बसलाही. मग सगळं सोडून पॅरिसला गेला, तिथल्या सरकारी कलाशाळेने त्याला घेतलं नाही, प्रदर्शनवाले वर्षानुवर्षं चित्रं परत पाठवत राहिले. त्याचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन 1895 साली लागलं तेव्हा तो छप्पन्न वर्षांचा होता.

आणि गावाने काय केलं? इथल्या संग्रहालयाच्या प्रमुखाने म्हणे शपथच घेतली होती की मी असेपर्यंत सेझानचं चित्र या दारातून आत येणार नाही. शपथ खरी की गावगप्पा, कोण जाणे. पण 1984 साली सरकारने त्याची आठ चित्रं तिथे ठेवायला दिली, तोवर भिंती तशाच होत्या. टेकडीवर त्याने स्वतःसाठी बांधलेली चित्रशाळा 1954 साली वाचली तीही अमेरिकेतल्या चाहत्यांच्या वर्गणीमुळे. वर्गणी! 2025 साली याच गावाने अख्खं वर्ष त्याच्या नावाने साजरं केलं. त्याला जाऊन तेव्हा जवळजवळ एकशेवीस वर्षं होत आली होती.

त्या चित्रशाळेत मी अनेकदा जातो. उत्तरेला भलीमोठी खिडकी, आणि तिच्या शेजारी भिंतीतच उभी अरुंद फट. मोठा कॅनव्हास जिन्यावरून उतरेना, म्हणून तो बाहेर काढायला केलेली. फळीवर त्याच्या चित्रांत दिसणाऱ्या वस्तू: कवट्या, आल्याची बरणी, प्लास्टरचा छोटा कामदेव. टेबलावर सफरचंदं. पहिल्यांदा ते टेबल पाहिलं आणि मला आमचे सर आठवले. वस्तुचित्राच्या तासाला ते स्टुलावर पितळी तांब्या आणि भरताची दोन हिरवी वांगी मांडायचे. "आधी पाच मिनिटं नुसतं बघा, पेन्सिलीला हात लावू नका." ग्रेड परीक्षेच्या गुणांसाठी बसलेले आम्ही चाळीस जण वांग्याच्या देठाकडे टक लावून बसायचो. वांग्यावर खिडकी उमटते, हे मला तेव्हा कळलं.

सेझाननेही आयुष्यभर हेच केलं. गावाबाहेरचा सँत व्हिक्त्वार डोंगर त्याने तेलरंगात आणि जलरंगात मिळून ऐंशीहून अधिक वेळा रंगवला. त्याच डोंगराकडे बघत रंगाचे चौकोनी ठिपके शेजारी शेजारी ठेवत गेला, आणि त्यातून पिकासो आणि ब्राक या पुढच्या चित्रकारांना वाट दिसली. चित्रकार आंरी मातीसने तर हातात पैसा नसताना 1899 साली त्याचं स्नान करणाऱ्या तीन स्त्रियांचं छोटं चित्र विकत घेतलं आणि सदतीस वर्षं जवळ ठेवलं. ऑक्टोबर 1906 मध्ये उघड्यावर रंगवताना सेझान वादळी पावसात सापडला, कोसळला, धोब्याच्या गाडीतून घरी आणला गेला. आठवडाभरात गेला.

आता आपल्याकडे. चाळीसगाव स्टेशनाजवळ छायाचित्रकार केकी मूस यांचा बंगला आहे. इंग्लंडमध्ये शिकून आलेला हा माणूस आपल्या गावात राहिला, 1989 साली गेला, मधल्या कितीतरी दशकांत हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच वेळा घराबाहेर पडला. टेबलावर वस्तू मांडून त्याने जी छायाचित्रं घेतली ती जगभर वाखाणली गेली. आपल्यापैकी किती जण तो बंगला आतून बघून आलेत? मी स्वतः पहिल्यांदा गेलो तो फ्रान्सला आल्यावर, सुट्टीत, आणि याची मला मनापासून खंत आहे. शाळेतून एकदाही नेलं नव्हतं. मातीचा काय दोष त्यात? दार उघडंच होतं.

पाटणादेवीकडे जाताना सातमाळ्याचे डोंगर दिसतात. पहिल्या पावसात त्यांचा रंग तासातासाला बदलतो. तो रंग कोणी पोराला थांबवून दाखवला तर तो चित्रकार होईलच असं नाही. पण एखादा होईल, आणि उरलेले ते चित्र ओळखतील. एक्स-आँ-प्रोव्हान्समध्ये शपथ घेणारा मिळाला, ओळखणारे उशिरा मिळाले, म्हणून सेझानला आणि गावालाही इतकी वर्षं थांबावं लागलं.

कमानीला माझा विरोध नाही, पुढच्या वर्षी बांधू. माझा हिस्सा मात्र मी कालच मानधनाच्या नावाने पाठवला आहे. डिसेंबरात येतोय. सर नेमले असतील तर स्टुलासाठी वांगी बामणोदची आणतो.