सत्त्याऐंशी बटणांचं तेलपाणी

रविवारी दुपारी सासरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझा फोटो पडला. मी बनियनवर, डायनिंग टेबलावर वाकलेला, हातात रांगोळीतल्या मोराचे डोळे काढावेत इतका बारीक ब्रश, समोर पेपरवर पसरलेले पिवळे स्विच. खाली मजकूर: "जावईबापू बटणांना तेलपाणी करताना. सकाळी ९ पासून." बावीस अंगठे आले आणि मेहुण्याचा एक व्हॉइस मेसेज, ज्यात शब्द एकही नाही, नुसतं हसू, सोळा सेकंद.

तर माझ्याकडे मेकॅनिकल कीबोर्ड आहे, म्हणजे प्रत्येक बटणाखाली स्प्रिंगवाला वेगळा स्विच. आधी निळे स्विच होते, ते दाबलं की मुद्दाम टिकटिक करतात, बायको म्हणाली एकतर हे राहतील नाहीतर मी, म्हणून पिवळे आणले, जे म्हणे गप्प असतात. नसतात. दाबलं की आत खरखर, सोडलं की स्प्रिंगची बारीक टिंग, एकदा ऐकू यायला लागली की नळाच्या ठिबकण्यासारखी डोक्यात बसते. यावर उपाय एकच, प्रत्येक स्विच उघडायचा आणि वंगण द्यायचं. स्विच सत्त्याऐंशी. पटाईत माणसाला एका स्विचला दोन मिनिटं लागतात म्हणजे तीनेक तास. मला चार लागली. आणि घरी सासरे आले होते.

आप्पा एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं होते. आता मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरच्या तपासणीसाठी आठ दिवस आमच्याकडे होते, आणि ऑपरेशन झाल्यापासून त्यांना सगळंच दिसायला लागलंय. चहाचा कप घेऊन माझ्या मागे उभे राहिले. दहा मिनिटं काही बोलले नाहीत, नुसता श्वास. मग खुर्ची ओढली.

"जावईबापू, राग मानू नका, एक विचारू?"

या वाक्यानंतर मला राग आला नाही असं आजवर एकदाही झालेलं नाही.

"विचारा ना आप्पा."

"हे बंद पडलं होतं का?"

"नाही, चालू होतं."

"सगळी बटणं चालत होती?"

"हो."

"मग उघडलंत कशाला?"

मी म्हटलं आवाज येतो. समजावून सांगितलं की मधला दांडा असतो तो दोन्ही बाजूंच्या खाचांमध्ये वरखाली होतो, प्लास्टिकवर प्लास्टिक घासतं, म्हणून त्या खाचांना एकदम पातळ हात द्यायचा, जास्त झालं तर बटण चिखलात पाय घातल्यासारखं जड होतं.

"तुम्ही फार जोरात मारता का?"

"नाही हो."

"नाही, आमची कन्या म्हणत होती रात्रीसुद्धा मारता."

स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज आला. मग त्यांनी ग्रीसची डबी उचलली. क्रायटॉक्स २०५, ग्रेड ०. हे साधं ग्रीस नाही, विमानं, व्हॅक्यूम पंप असल्या ठिकाणी वापरतात, पेटत नाही, प्लास्टिकला खात नाही. हे सगळं सांगताना मला वाटत होतं की आता तरी हा माणूस वळेल, कारण ग्रीस हा त्यांचा विषय. त्यांनी झाकण उघडलं, वास घेतला, परत घेतला.

"वास नाही."

"याला नसतोच."

"मग ग्रीस नाही हे. किती आहे यात?"

"पाच मिली."

"केवढ्याला?"

इथे मी चुकलो. खरी किंमत सांगितली. नऊशे. आप्पांनी डबी हळूच खाली ठेवली, झोपलेलं बाळ ठेवतात तशी. "एवढ्यात दोन किलो एमपी ग्रीस येतं," म्हणाले, पण रागाने नाही, मी फसलो आहे आणि घरच्यांनी मला सांभाळून घ्यायला हवं अशा आवाजात. ते जास्त लागलं.

मी उघडलेला एक स्विच त्यांनी तळहातावर घेतला. "हे पातं कसलं?"

"ते लीफ."

"लीफ म्हणजे पाटा!" चेहरा उजळला. "आणि ही स्प्रिंग. म्हणजे सस्पेन्शनच आहे की. मग पाट्याला ग्रीस लावलंत?"

"नाही, पाट्याला नाही लावायचं, तिथून करंट जातो, कॉन्टॅक्ट बिघडतो."

आप्पा माझ्याकडे बघत राहिले. मग मान वळवून स्वयंपाकघराकडे, कुणीतरी गेल्याची बातमी सांगावी तसे म्हणाले, "अहो ऐकलंत का, पाट्याला ग्रीस नाही लावायचं म्हणतायत."

"जेवणाआधी आवरा म्हणावं," सासूबाई.

शेवटचा उपाय म्हणून मी सांगितलं की मूळ डिझाइन जर्मन आहे, १९८० च्या दशकातलं, चेरी नावाच्या कंपनीचं, हे त्याचंच पुढचं भावंड. जर्मनीबद्दल आप्पांच्या मनात फार आदर आहे.

"जर्मन?" म्हणाले. "मग उघडलंत कशाला?"

यानंतर त्यांनी मदत करायचं ठरवलं. स्प्रिंगांना ब्रशने लावत बसायची गरज नसते, सगळ्या एका प्लास्टिकच्या पिशवीत घालायच्या, १०५ नावाच्या पातळ तेलाचे चार थेंब टाकायचे आणि भेळ कालवतात तसं हलवायचं. हे काम मी त्यांना दिलं, म्हटलं यात बिघडण्यासारखं काय आहे. आप्पांनी पिशवी अशी हलवली की जणू इंजिन धक्क्यावर सुरू करायचंय. तिसऱ्या मिनिटाला तळ फुटला. सत्त्याऐंशी स्प्रिंगा, प्रत्येक तांदळाच्या दाण्याएवढ्या जाडीची, तेल लावलेली, पांढऱ्या टाइल्सवर. आम्ही दोघं रांगत होतो. एकमेकांत गुंतलेल्या सोडवत सोडवत चौऱ्याऐंशी मिळाल्या.

"तीनच कमी आहेत," आप्पा सोफ्याखालून म्हणाले, "वर्कशॉपमध्ये आम्ही एवढी तूट धरतोच."

स्प्रिंग नसलेला स्विच बसवता येत नाही, तो दाबलेलाच राहतो. म्हणून तीन जागा रिकाम्या ठेवायच्या होत्या आणि मी प्रिंट स्क्रीन, स्क्रोल लॉक, पॉझ या तिघांना निवडलं. "स्क्रोल लॉक कशासाठी असतं?" आप्पांनी विचारलं. चौदा वर्षं आयटीत आहे मी. मला सांगता आलं नाही. त्यांनी फार समजूतदारपणे मान हलवली, आणि फोटो बहुतेक तेव्हाच काढला.

मला खरंच एक कळत नाही. याच आप्पांच्या दारात एक चेतक आहे, २०११ पासून सुरू झालेली नाही. तिला दर दसऱ्याला धुणं, पुसणं, हार, अर्धा दिवस जातो, आणि अख्खी गल्ली म्हणते गाडी काय ठेवलीय आप्पांनी. तीन तास गाडी धुणारा माणूस शौकीन आणि तीन तास कीबोर्ड साफ करणारा रिकामटेकडा, हे कुणी ठरवलं? मी दिवसाचे दहा तास या बटणांवर काढतो, पोट त्यांच्यावर चालतं, खंडेनवमीला हळदकुंकूही त्यांनाच वाहतो (एफ५ खाली गेल्या वर्षीची अक्षता सापडली, कुंकू लागलेली). आणि मराठी टाइप करतो ते इनस्क्रिप्ट नावाच्या अक्षरमांडणीवर, त्यात डी वर पाय मोडायचं चिन्ह आहे, म्हणजे जवळजवळ प्रत्येक जोडाक्षराला डी. आमच्या भाषेत जोडाक्षरं किती, हे माझ्या डी ला विचारा. त्याला मी दोनदा हात दिला, हे कुणाला सांगायला गेलो तर आणखी एक फोटो पडेल.

असो. स्पेसबार राहिला होता. तो लांब असतो म्हणून त्याच्या दोन टोकांना आधाराची तार असते आणि ती खाली आदळून अल्युमिनियमचं झाकण पडल्यासारखी वाजते. मी तारेला ग्रीस लावतोय, वाजतंय, परत काढतोय, परत लावतोय. आप्पा पेपर वाचत होते, वर न बघता म्हणाले, "आदळतंय ना? मग ग्रीस काय करणार. खाली बुश द्या."

"बुश?"

"काहीतरी मऊ. कापडाची पट्टी. जखमेला लावता ती चिकटपट्टी कापून टाका."

मी दुर्लक्ष केलं. रात्री सगळे झोपल्यावर शोधलं तर जगभरचे कीबोर्डवेडे नेमकं हेच करतात, जखमेच्या चिकटपट्टीचे तुकडे कापून तारेखाली चिकटवतात, त्याला नावही बँड-एड मॉड असंच आहे. मी गुपचूप औषधांच्या डब्यातून पट्टी काढली. आवाज गेला. आप्पांना सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

सोमवारी रात्री साडेबाराला कीबोर्ड पूर्ण झाला. आवाज काय सांगू, कॅरमची सोंगटी पावडर मारलेल्या बोर्डवर टेकावी तसा, मऊ, भरलेला. ग्रुपवर सणसणीत उत्तर टाइप करायला घेतलं तर एच दाबताना काहीच उमटेना, बसवताना स्विचचा पाय वाकला होता. इनस्क्रिप्टमध्ये एचवर प असतो. आप्पा लिहायला दोन प लागतात.

मंगळवारी बायकोसमोर दोन ओळी टाइप केल्या. म्हटलं ऐक. तिने ऐकलं. "आधी पण असाच होता ना?" टीमच्या कॉलवर विचारावं तर ते सॉफ्टवेअर मागचा सगळा आवाज आपोआप कापतं, म्हणजे खरखर होती तेव्हाही कुणाला ऐकू जात नव्हती. वर आता आठवड्यातले तीन दिवस ऑफिसला यायचंच असा मेल आलाय, तिथे रबरी बटणांचा कीबोर्ड, त्यावर कुणाच्या तरी चिवड्याचं तेल.

बुधवारी आप्पा घरी गेले. संध्याकाळी बायको बाल्कनीतून आत आली आणि दारातच थांबली, दार पुढे ढकललं, मागे ओढलं, परत पुढे. "अगं बाई, करकर गेली! दोन वर्षं तुला सांगतेय मी."

मी ग्रीसची डबी बघितली. तळाला बोट फिरवल्याची खूण होती. बिजागऱ्या तीन, तिन्ही पांढऱ्या, लोणी थापल्यासारख्या.

ग्रुपवर दाराचा व्हिडिओ आलाय. एकतीस अंगठे. मेहुण्याने लिहिलंय, "आप्पा ग्रेट."