विमानाला अडीच तास

"पोचलो बघा, बाब!"

विमानाची चाकं मोपाला टेकतात न टेकतात तोच शेजारच्या गृहस्थांनी माझ्या मांडीवर थाप मारली. परवा रात्रीची गोष्ट. मांडी बरी आहे, राग गेलेला नाही.

कारण गृहस्थ पेडण्याचे, मी काणकोणचा. म्हणजे ते गोव्याच्या वरच्या टोकाचे, मी खालच्या. २०२३ च्या जानेवारीत मोपाहून विमानं उडू लागली आणि पेडणेकरांच्या परसात दिल्ली आली. आमच्या परसात माडच आहेत.

"दिल्ली-गोवा हवाई अंतर किती?" विमान सुटताच त्यांनी विचारलं होतं.

"असेल १५०० किलोमीटर."

"बरोबर! आणि वेग ताशी ८०० धरा. मग दोन तासही नकोत. तिकिटावर अडीच का?"

मी डोळे मिटले. त्यांनी कोपराने ढोसलं. उत्तर त्यांनाच द्यायचं होतं: दिल्लीत जागेवरून हलल्यापासून इथे जागेवर लागेपर्यंतचा सगळा वेळ धरतात, जमिनीवर रांगणं, वर चढणं, खाली उतरणं, सगळं त्यात. हे खरं आहे, हीच तर चीड. चुकीचं बोलणाऱ्याला निदान गप्प तरी करता येतं.

मग पिशवीतून संत्रं निघालं. "ही पृथ्वी." नखाने एका बाजूला लंडन झालं, दुसऱ्या बाजूला मुंबई. नकाशावरची सरळ रेघ गोलावर जवळची नसते, हे दाखवताना रस माझ्या शर्टावर. पश्चिमेचे वारे पाठीशी असतात म्हणून लंडनहून येताना वेळ कमी लागतो, जाताना जास्त.

"पण आपण तर दिल्लीहून जवळजवळ सरळ खाली चाललोय," मी म्हटलं.

"हो, आपल्याला यातलं काही लागू नाही," असं म्हणून त्यांनी पृथ्वी सोलली. अर्धी मला दिली. आंबट होती.

उतरताना माझा नंबर घेतला. बाहेर जावई गाडी घेऊन उभा. "तुम्ही कुठले? काणकोण? अरेरे, मग तुमचा प्रवास आता सुरू!" असं हसून ते गाडीत बसले. जेवण वाढून ठेवलेलं असणार.

मडगावपर्यंत बस मिळेल, पुढे रात्री काही नाही, असं कळलं. टॅक्सीवाल्याने सांगितलेलं भाडं ऐकून मी दिल्लीचं तिकीट पुन्हा उघडून पाहिलं. फार फरक नव्हता. वर परतीचे पैसे वेगळे, का तर काणकोणहून रिकामं यावं लागतं. अरे, मग मी काय करू? तिथे राहतो हा माझा गुन्हा? पर्यटकाला एकदाच लुटतात, आम्ही कायमचे गिऱ्हाईक. गोंयकार म्हणून एक रुपया सोडतील तर शपथ.

म्हापसा, मांडवीचा पूल, जुवारीचा पूल, मडगाव. करमल घाटात एका ट्रकमागे आम्ही बैलगाडीच्या चालीने सरकत होतो, तेव्हा फोन वाजला. गृहस्थांचा निरोप:

"मोपा-काणकोण हवाई अंतर फक्त ८० किलोमीटरच्या आसपास! विमानाने दहा मिनिटंसुद्धा नाहीत. पोचलात ना?"