लग्न 25 मेला ना? मग लेझरला 10 मेला जा

हे बघा, नको असलेले केस काढायला लेझर करायचं ठरवलंय ना तुम्ही, मग उगाच वर्षभर आधीपासून विचार करत बसू नका. लग्न 25 मेला, हॉल बुक, केळवणं चालू, मुंबईचे चाकरमानी तुतारी एक्स्प्रेसचं वेटिंग तिकीट घेऊन देवाला हात जोडून बसलेत, अशा वेळी 9 मेला रात्री आठवायचं की अगं बाई हनुवटीवरचे केस राहिलेच की. दुसऱ्या दिवशी सकाळी क्लिनिकात जायचं आणि काउंटरवरच्या मुलीला बसायच्या आधी विचारायचं, "एका सिटिंगमध्ये जाईल ना सगळं?" ती नाही म्हणाली तर लगेच उठायचं. हो म्हणणारं कुणीतरी भेटतंच. शोधा.

आपण कोकणातली माणसं तशी सोशिक. आंब्याचं कलम लावलं की पहिलं फळ हातात यायला चार-पाच वर्षं वाट बघतो, तक्रार नाही. मोहोर सगळा एकदम येत नाही, थंडी पडली की पहिला, मग दुसरा, मग तिसरा, एका फांदीला कैरी लोंबतेय आणि शेजारच्या फांदीला आत्ता कुठे मोहोर, हे आपल्याकडे शाळेत न जाणाऱ्या पोरालाही कळतं. एका फवारणीत बाग होत नाही हे आपणच पुण्याच्या पाहुण्यांना हात हलवून हलवून समजावतो. पण तो सगळा शहाणपणा बागेच्या गडग्याबाहेर आणायचा नाही. केसही टप्प्याटप्प्याने येतात, काही वाढीत असतात, काही वाढ थांबवून बसलेले, काही गळायच्या बेतात, आणि लेझर फक्त त्या दिवशी वाढीत असलेल्या केसालाच नीट लागतं, म्हणून चेहऱ्याला 4 ते 6 आठवड्यांनी, हातापायाला 6 ते 8 आठवड्यांनी असं करत 6 ते 8 सिटिंग घ्यावी लागतात, असं कोणी सांगायला लागलं की समजायचं हा पैसे काढतोय.

आता ते मशीन काय करतं ते थोडक्यात सांगते, म्हणजे तुम्हाला त्याच्या विरुद्ध वागायला सोपं जाईल. 1983 साली बोस्टनच्या अँडरसन आणि पॅरिश या दोन डॉक्टरांनी मांडलं की नेमक्या तरंगलांबीचा प्रकाश अगदी क्षणभर मारला तर ज्या रंगाला तो लागतो तेवढंच तापतं, आजूबाजूचं वाचतं. केसात काळा रंग असतो, मेलॅनिन, तो प्रकाश पितो, तापतो, ती उष्णता केसाच्या दांड्यावरून खाली मुळाशी जाते आणि तिथल्या नवीन केस घडवणाऱ्या पेशी भाजते. म्हणजे केस हीच वाट. वर जेल आणि गार टोक, खाली चटका, रबरबँड ताणून सोडल्यासारखा, हनुवटीला लागतो तेवढा पोटरीला लागत नाही. आणि वास येतो. कोंबडी सोलल्यावर उरलेली लव चुलीवर धरून भाजतात ना, हुबेहूब तो. मी पहिल्यांदा टेबलावर झोपले होते तेव्हा मला भीती वगैरे काही वाटली नाही, रविवार आठवला आणि भूक लागली.

तर वाट म्हणजे केस. म्हणून आदल्या दिवशी पार्लरात जाऊन छान थ्रेडिंग करून घ्या, मुळासकट. क्लिनिकवाले सांगतात चार आठवडे आधीपासून थ्रेडिंग, वॅक्सिंग, चिमटा सगळं बंद, फक्त रेझर चालेल, पण रेझर म्हटल्यावर आपल्या घरात काय होतं ते तुम्हाला माहितीये. आई म्हणणार राठ केस येतील, काकू म्हणणार दाढी येईल, आणि कोणी सांगायला जाऊ नका की रेझरने केस फक्त कापला जातो, टोक बोथट होतं म्हणून हाताला टोचतो, मूळ आहे तसंच राहतं. ऐका सगळ्यांचं. मुळं उपटून या आणि लेझर मारून घ्या, म्हणजे पाण्यात मासा नसताना गरी टाकून बसल्यासारखं होईल. संध्याकाळ छान जाते, हाती काही लागत नाही, पैसे मात्र पूर्ण द्यावे लागतात. किंवा मग दुसऱ्या टोकाला जा, रेझरही फिरवू नका, बोटभर केस घेऊन जा, म्हणजे वरचा केस वरच्यावर पेटेल आणि कातडीला प्रसाद मिळेल.

उन्हाचं सांगायचं राहिलं. मे महिना, पाहुणे आलेत, त्यांना तारकर्ली दाखवायची, भर दुपारी बोटीत बसायचं, मग बागेत पेट्या भरायला उभं राहायचं, तोंड रापून तांब्याच्या भांड्यासारखं झालं की तडक लेझरला. लेझरला काळं दिसलं की झालं, ते काळं केसाचं की तुमच्या कातडीचं हे त्याला कळत नाही. आपली कातडी मुळातच सावळी, त्यात टॅन, मग वरचीच कातडी उष्णता पिऊन बसते. म्हणून सावळ्या कातडीला लांब तरंगलांबीचं मशीन जास्त सुरक्षित, 1064 नॅनोमीटरचं एनडी-याग, नाहीतर नीट गार करणारं आणि जपून सेट केलेलं 810 च्या आसपासचं डायोड, आणि 755 चं अलेक्झांड्राइट गोऱ्या कातडीला बरं. हे असले आकडे विचारत बसलात तर तुम्ही भांडखोर ठरता. तुम्ही फक्त ऑफर विचारा.

मी विचारलं नव्हतं. कुठल्या गावचं ते सांगत नाही, एका पार्लरच्या मागच्या खोलीत, पडद्याआड, लेझर असं लिहिलेलं मशीन होतं आणि मे महिना होता. पॅच टेस्ट म्हणजे कानामागे एक-दोन फटके मारून काही दिवस वाट बघायची असते, ती झाली नाही. पार्लरवालीनं स्वतः गॉगल लावला आणि माझ्या डोळ्यांवर नॅपकिन टाकला, तोही ओला. जबड्यावर मारताना मी म्हटलं जरा जास्तच लागतंय, तर म्हणाली जास्त लागलं म्हणजे जास्त काम होतंय. वरच्या ओठाची डावी बाजू झाली आणि लाइट गेली. उजवी बाजू लाइट आल्यावर करू म्हणाली, लाइट आली नाही, मी अर्ध्या मिशीने एस्टीत बसून घरी आले. रात्री जबड्यावर चार चौकोन उठले, लाल, मग तपकिरी, मशीनच्या टोकाच्या मापाचे, एकाशेजारी एक, मधे बारीक फट, जणू कोणी लादी बसवलीये. आत्या अंगणात तांदूळ निवडत होती, तिनं मान वर केली आणि म्हणाली, "थोबाडार शिक्के कोणी मारले गो?" ते शिक्के दिवाळीपर्यंत होते. गणपतीला सगळे पाहुणे आधी बाप्पाच्या पाया पडायचे आणि मग माझा जबडा बघायचे.

नंतर कळलं ते लेझर नव्हतंच, आयपीएल होतं. आयपीएल म्हणजे एकाच नेमक्या रंगाचा प्रकाश नाही, सगळ्या रंगांची खिचडी, फिल्टर लावून सोडलेली. नीट हातात पडलं तर त्यानंही केस कमी होतात, पण सावळ्या कातडीवर धोका जास्त, आणि लेझर म्हणून विकणं म्हणजे सरळसरळ कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत. हापूसला 2018 मध्ये जीआय मानांकन मिळालं, आपण किती खूश झालो, आता पेटी घेताना वास घेऊन, देठ बघून, दाबून बघतो, पेपर कुठल्या भाषेतला गुंडाळलाय तेसुद्धा बघतो. जबड्यावर मारून घेताना मात्र विचारायचं नाही की बाई हे मशीन कुठलं आणि त्वचेचा डॉक्टर आहे का कोणी आत. बरं दिसत नाही ते.

चांगल्या ठिकाणी झालं तरी नाराज व्हायची सोय आहे, काळजी करू नका. पाचव्या दिवशी फोन करून ओरडा, केस वाढले म्हणून. ते वाढत नसतात, मेलेले केस कातडी बाहेर ढकलत असते, एक ते तीन आठवड्यांत गळतात, आंघोळीनंतर टॉवेल फिरवला की टॉवेलावर मिरपूड सांडल्यासारखे काळे ठिपके येतात. तोवर त्यांना उपटू नये म्हणतात, तर तुम्ही उपटा. मग महिना-दीड महिन्याने खरंच थोडे केस येतील, आधीपेक्षा बारीक, तेव्हा परत ओरडा. आणि थोड्या बायकांना, विशेषतः चेहऱ्यावर आणि मानेवर, लेझरनंतर केस कमी व्हायच्या ऐवजी वाढतात, आजूबाजूची लव जाड होते, कमी ताकदीनं मारलेलं लेझर हे त्याचं एक कारण मानतात. म्हणजे ओरडायला खरं कारणसुद्धा कधीकधी असतं, तेव्हा मात्र बहुतेक जणी नशीब म्हणून गप्प बसतात.

मग कायमचं कधी जाणार? इथे गंमत आहे. अमेरिकेची एफडीए, म्हणजे औषधांना आणि असल्या मशीनना परवानगी देणारी सरकारी संस्था, लेझरला कायमची घट एवढंच म्हणू देते, कायमचं निर्मूलन म्हणू देत नाही. आपल्याकडच्या बोर्डावर मात्र कायमचा निरोप, गॅरंटी, सोबत अंडरआर्म्स फ्री. पाळी चार-चार महिने येत नाही, वजन वाढतंय, हनुवटीला, छातीला जाड केस येतायत, तरी सोनोग्राफी, रक्ताची तपासणी असल्या भानगडीत पडू नका, पीसीओएसचा, म्हणजे त्या अंडाशयाच्या आणि हॉर्मोनच्या दुखण्याचा, आणि हनुवटीचा काय संबंध. आतून हॉर्मोन नवीन केस जाड करत राहणार आणि तुम्ही बाहेरून भाजत राहणार, एक पॅकेज संपलं की दुसरं. त्यापेक्षा मशीनपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घाला, बारा गावच्या बारा वहिवाटीच्या म्हाराजा, ह्या लेकराची हनुवटी साफ कर रे म्हाराजा. व्हय म्हाराजा म्हणायला काउंटरवरची मुलगी आहेच, तिला कमिशन आहे.

माझे शिक्के गेल्यावर मी पुढच्या वर्षी थंडीत, रापलेलं तोंड निवळल्यावर, रत्नागिरीला त्वचेच्या डॉक्टरकडे सुरुवात केली, सात सिटिंग झाल्या, बरेच केस गेले, खोटं कशाला बोलू. आत्याला हेवा वाटला. तिची हनुवटी पण केसाळ, पण साठी ओलांडलेली, केस पांढरे. तिला घेऊन गेले तर डॉक्टर म्हणाल्या पांढऱ्या केसात रंगच नाही, लेझरला दिसणारच नाही. आत्या म्हणाली, "म्हातारी झालंय म्हणान माका नाय?" तिच्यासाठी इलेक्ट्रोलिसिस, एकेका केसाच्या मुळाशी बारीक सुई घालून करंट द्यायचा. त्याला केसाचा रंग लागत नाही, आणि कायमचं निर्मूलन म्हणायची परवानगी त्यालाच आहे. प्रकार जुना आहे, 1875 मध्ये सेंट लुईसच्या चार्ल्स मिशेल नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरनं डोळ्यात टोचणाऱ्या पापण्यांवर हा उपाय छापून प्रसिद्ध केला. एकेक केस म्हटल्यावर आत्यानं हिशोब केला आणि चिमटा विकत घेऊन परत आली.

माझी आठवी सिटिंग नागपंचमीनंतर आहे, मेंटेनन्सची. दीड वर्षाने हनुवटीवर परत तीन केस आलेत, आईनं खिडकीच्या उजेडात माझं तोंड धरून मोजले. तीन केसांसाठी कणकवलीहून रत्नागिरीला जाणार का, असं तिनं विचारलं, आणि परत एकदा खिडकीकडे वळवून म्हणाली, यातला एक पांढरा आहे गो.